पशुसखीच्या हातात आधी काय द्यावं?

पत्र: आमच्या गावात साडेतीनशे घरं आहेत. सातशेच्या आसपास शेळ्या, शंभरेक गायी-म्हशी आणि बहुतेक दारांत कोंबड्या. दीड वर्षापूर्वी ग्रामसंघाने, म्हणजे गावातल्या बचत गटांच्या संघाने, तीन जणींना तालुक्याला पाठवून पाच दिवसांचं पशुसखीचं, म्हणजे गावातल्या जनावरांची प्राथमिक काळजी घेणाऱ्या बाईचं, प्रशिक्षण दिलं. एकीचं लग्न झालं आणि ती सासरी गेली. दुसरी नेमाने फिरते, पण लोक म्हणतात, ‘तुला काय कळतंय, कालपर्यंत तू आमच्याच बरोबर खुरपायला होतीस.’ तिसरी मेडिकलमधून औषधं आणून सुया टोचायला लागली. गेल्या पावसाळ्यात तिने सुई दिलेल्या दोन शेळ्या मेल्या आणि गावात भांडण झालं. आता संघाला नव्याने चार जणी तयार करायच्या आहेत. निवड कशी करायची, शिकवायचं काय, पेटीत काय ठेवायचं आणि त्यांना पैसे कोणी द्यायचे?
— ग्रामसंघाची सचिव, जि. धाराशिव

उत्तर:

ताई, आधी तिसरीचं बघू. ते उद्यावर टाकण्यासारखं नाही.

सुया आजच बंद करायला सांगा. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ प्रमाणे जनावरांवर उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाला आहे. पशुधन पर्यवेक्षकासारख्या पदविका किंवा प्रमाणपत्रधारकांनाही फक्त किरकोळ सेवा देता येतात, त्यासुद्धा डॉक्टरांच्या देखरेखीखाली. पाच दिवसांच्या प्रशिक्षणाचा कागद त्यात बसत नाही. उद्या कोणी तक्रार केली तर बाई एकटी अडकेल आणि तिला पाठवणारा संघ बाजूला राहील. हे तुम्हालाही बरं वाटणार नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी धोका उरतोच. मागच्या मांडीत सुई चुकीच्या जागी गेली की नस दुखावते आणि शेळी कायमची पाय ओढत चालते. प्रतिजैविक एकदाच टोचून सोडलं की शेळी दोन दिवस बरी दिसते, मग पुन्हा बसते, आणि तेव्हा तेच औषध तिला लागू पडेलच असं नाही. त्या दिवसांत काढलेलं दूध घरातली पोरं पितात, ते वेगळंच.

त्या दोन शेळ्या कशाने मेल्या हे पत्रावरून सांगता येणार नाही. सुईनेच मेल्या असंही नाही. पावसाळ्यात आंत्रविषार (आतड्यातल्या जंतूंच्या विषाने होणारा रोग) झालेली शेळी सकाळी चरायला जाते आणि संध्याकाळी मेलेली सापडते. जंतांनी रक्त शोषून घेतलेली शेळी आठवडाभर ‘जरा मंद’ दिसते आणि एके दिवशी उठत नाही. अशा वेळी सुई टोचली की घरच्यांना वाटतं उपचार झाला, आणि डॉक्टरांना बोलवायचा अर्धा दिवस हातचा जातो. खरी हानी बहुतेक वेळा अशी होते. पुढे असं मरण झालं तर डॉक्टरांकडून शवविच्छेदन करून घ्या. कारण कळलं की भांडणही मिटतं आणि उरलेला कळपही वाचतो.

त्या बाईला मात्र काढून टाकू नका. लोक तिला बोलावतात, ती जाते आणि जनावराला हात लावायला घाबरत नाही. हे गुण शिकवून येत नाहीत. तिला नव्या चौघींबरोबर पुन्हा बसवा आणि मर्यादा लिहून तिच्या हातात द्या. ती ऐकत नसेल तर ग्रामसंघाच्या बैठकीत उघड जाहीर करा की तिच्या सुईची जबाबदारी संघाची नाही.

आता निवड. शिकलेली पोरगी दिसली की तिचं नाव पुढे येतं, पण तिचं वर्ष-दोन वर्षांत लग्न होतं. तुमच्याकडे तेच झालं. गावातच राहणारी, तीस ते पंचेचाळीसची, स्वतःच्या दारात दोन-पाच शेळ्या असलेली बाई निवडा. लिहिता-वाचता आणि गुणाकार-भागाकार करता यावा, एवढं शिक्षण पुरे. तेही नसेल तर नोंदी ठेवायला तिची सातवी-आठवीतली मुलगी बसते, आम्हाला ते चालतं. चौघी एकाच गल्लीतल्या नकोत. गावठाण, दलित वस्ती, पारधी वस्ती, मळ्यातली घरं असा हिशेब करून सुमारे नव्वद घरांमागे एक धरा आणि ती बाई त्याच वस्तीतली असू द्या. घरच्यांना बोलावून स्पष्ट विचारा: पहाटे कोणाची शेळी अडली तर हिला जाऊ द्याल का? या प्रश्नावर नवरा किंवा सासू गप्प बसली तर दुसरं नाव बघा.

प्रशिक्षण सलग पाच दिवस घेऊ नका. पाच दिवसांत सगळे रोग, सगळ्या लसी, सगळी औषधं सांगून होतात आणि पंधरा दिवसांनी लक्षात राहतं ते फक्त औषधाचं नाव. तुमच्या तिसरीचं असंच झालं असणार. वर्षभरात चार टप्पे करा: एप्रिलमध्ये तीन दिवस, जूनच्या शेवटी दोन, दिवाळीच्या आसपास दोन आणि जानेवारीत दोन. प्रत्येक टप्प्यात येत्या दोन-तीन महिन्यांत जे दिसणार आहे तेवढंच शिकवायचं. जागा तालुक्याचं सभागृह नको, गावातलाच एखादा गोठा हवा. दहा-बारा शेळ्या बांधलेल्या असाव्यात आणि वेळ सकाळी सातची, शेळ्या चरायला सुटण्याआधीची. पशुधन विकास अधिकारी किंवा कृषी विज्ञान केंद्रातले पशुविज्ञानाचे विषयतज्ज्ञ येतात, फक्त त्यांना महिनाभर आधी तारीख द्या.

पहिल्या दिवशी औषधाची एकही बाटली उघडू नये. तो दिवस फक्त बघण्याचा. शेळीपासून चार हात लांब पाच मिनिटं उभं राहायचं: कान कसे आहेत, रवंथ करते का, लेंड्या गोळ्यांसारख्या पडतात की चिकटून, नाक कोरडं की वाहतं, कळपाबरोबर आहे की कोपऱ्यात. मग हात लावायचा. थर्मामीटर गुदद्वारात घालून आतल्या भिंतीला टेकवायचा. लेंड्यांमध्ये रुतला तर आकडा खोटा येतो, आणि ही चूक सगळ्यांकडून होते. शेळीचं नेहमीचं तापमान १०१.५ ते १०३.५ अंश फॅरनहाइट असतं. दुपारच्या उन्हात चालून आलेल्या किंवा पकडताना पळवलेल्या शेळीचं वाढलेलंच दिसतं, म्हणून अर्धा तास सावलीत बांधून पुन्हा घ्यायचं. १०४ च्या वर गेलं तर डॉक्टरांना फोन. श्वास बरगड्यांकडे बघून मोजायचा, मिनिटाला १५ ते ३०. डाव्या कुशीवर मूठ दाबून धरली की पोटाची हालचाल हाताला लागते, मिनिटाला एक-दोनदा. ती लागली नाही तर शेळीचं पोट थांबलेलं आहे. प्रत्येकीने निदान दहा शेळ्यांवर हे सगळं करून वहीत लिहायचं. निरोगी शेळी हाताला पुरती ओळखीची झाली की आजारी शेळी आपोआप वेगळी जाणवते.

दुसऱ्या दिवशी शिवणकामाची फीत. पुढच्या पायांमागून छातीचा घेर घ्या, आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी घ्या, दोन्ही इंचांत. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, म्हणजे किलोत अंदाजे वजन. घेर २६ आणि लांबी २४ असेल तर २६ × २६ × २४ = १६,२२४, भागिले ६६० म्हणजे साधारण साडेचोवीस किलो. फीत घट्ट आवळू नये आणि शेळी चारही पायांवर सरळ उभी असावी. गाभण शेळीचं वजन यात नीट येत नाही, आणि लहान पिल्लं ताणकाट्याला झोळीत टांगून मोजावीत. हा हिशेब दोन ठिकाणी पैसे वाचवतो. एक औषधाच्या मात्रेत. दुसरा बकरी ईदच्या आधी, जेव्हा व्यापारी दारात येऊन बोकडाला नजरेने भाव करतो. वजन माहीत असलेल्या बाईशी त्याचं बोलणं बदलतं.

जंतनाशकाला तिसरा अख्खा दिवस द्या. शेळ्यांच्या मरतुकीत जंतांचा हात मोठा असतो, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

पहिली चूक मात्रेची. समजा डॉक्टरांनी अल्बेंडाझोल किलोला ७.५ मिलिग्रॅम लिहून दिलं. शेळी २५ किलोची असेल तर लागतात १८७.५ मिलिग्रॅम. अडीच टक्क्यांच्या पातळ औषधात दर मिलिलिटरला २५ मिलिग्रॅम असतात, म्हणजे साडेसात मिलिलिटर पाजायचं. पण दुकानात त्याच नावाचं दहा टक्क्यांचंही मिळतं, आणि त्यात त्याच मापात चौपट औषध जातं. बाटलीवरची टक्केवारी मोठ्याने वाचल्याशिवाय पिचकारी भरायची नाही, हा नियम हाडात मुरवा. कमी मात्रा दिली तरी नुकसान होतं. अर्धमेले झालेले जंत उरतात, त्यांचीच पैदास वाढते आणि दोन-तीन वर्षांत ते औषध गावातून निकामी होतं. ‘सगळ्यांना पाच-पाच मिली’ ही गावोगावची पद्धत याच कारणाने मोडायला हवी. गाभण शेळीला पहिल्या दीड महिन्यात अल्बेंडाझोल देऊ नये, गर्भाला धोका असतो. म्हणून बोकड कधी लागला हे वहीत असलं पाहिजे. घरच्यांना आठवत नसेल तर डॉक्टरांना विचारून दुसरं औषध घ्या.

दुसरी चूक पाजण्याची. शेळीचं तोंड आभाळाकडे करून बाटली ओतली की औषध श्वासनलिकेत जातं, ठसका लागतो, आणि चार दिवसांनी शेळी फुफ्फुसदाहाने जाते. लोक म्हणतात औषध लागलं नाही. खरं म्हणजे ते पोटात गेलेलंच नसतं. शेळीला भिंतीला टेकवून दोन्ही पायांमध्ये धरा आणि डोकं जमिनीला समांतर ठेवा. बिनसुईची पिचकारी जबड्याच्या कोपऱ्यातून, दात नसलेल्या जागेतून आत घाला आणि जिभेच्या मागच्या बाजूला थोडं थोडं सोडा. प्रत्येक घोट गिळला का ते बघा. खोकली की लगेच डोकं खाली सोडा. बोकडावर पाण्याने वीस वेळा सराव झाल्याशिवाय कोणाच्या हातात औषध देऊ नका.

तिसरी चूक म्हणजे कोणाला पाजायचं हे न बघता सरसकट पाजणं. आपल्याकडे पावसाळ्यात शेळीच्या चौथ्या पोटात रक्त पिणारा हिमाँकस नावाचा तांबूस जंत फार माजतो. त्याचा अंदाज डोळ्यावरून येतो. दक्षिण आफ्रिकेत फाफा मालन यांच्या कल्पनेतून यासाठी रंगांचा एक तक्ता तयार झाला. त्याला फामाचा म्हणतात. वरच्या पापणीने डोळा झाका, अंगठ्याने हलकेच आत दाबा, खालची पापणी खाली ओढा, आतला पडदा बाहेर येईल. त्याचा रंग तक्त्याशी जुळवा. १ आणि २ म्हणजे लालसर, औषधाची गरज नाही. ४ आणि ५ म्हणजे फिकट ते पांढरा, लगेच औषध आणि ५ असेल तर डॉक्टर. मधला ३ नंबर पिल्लांना आणि गाभण शेळ्यांना असेल तर औषध द्यायचं, धट्ट्याकट्ट्या बोकडाला पंधरा दिवस थांबून पुन्हा बघायचं. हे उजेडात करायचं, गोठ्याच्या अंधारात सगळेच डोळे फिकट दिसतात. जबड्याखाली पाण्याची मऊ गाठ लोंबत असेल तर रक्त फारच कमी झालंय किंवा यकृतात चपटे कृमी असू शकतात. तिथे डोळ्याच्या तक्त्यावर विसंबू नका. हा तक्ता फक्त रक्त पिणाऱ्या जंतांसाठी आहे, पट्टकृमी किंवा यकृतकृमी त्यातून कळत नाहीत. त्यासाठी ताज्या आठ-दहा लेंड्या पिशवीत घालून त्याच दिवशी दवाखान्यात तपासायला न्याव्या लागतात. औषध दिल्यावर बारा-चौदा दिवसांनी त्याच शेळीच्या लेंड्या पुन्हा तपासल्या की औषध गावात अजून चालतं की नाही हेही कळतं. वर्षातून एकदा तरी हे करून घ्याच.

जूनचा टप्पा पोटाचा. पहिल्या पावसानंतरचं कोवळं लुसलुशीत गवत शेळी हावरटासारखी खाते, आणि आंत्रविषार तेव्हाच येतो. त्याचे जंतू आतड्यात आधीपासून असतात, अचानक बदललेल्या खाण्यावर ते माजतात आणि विष सोडतात. म्हणून सकाळी सोडण्याआधी मूठभर कडबा किंवा तुरीचं भुसकट खायला घालायचं, ही गोष्ट पशुसखीने घरोघर सांगायची. पोटफुगी झाली, डावी कूस ढोलासारखी ताणली, तर शेळीचे पुढचे पाय उंचावर ठेवून उभी करा आणि ५० ते १०० मिलिलिटर गोडं तेल वर सांगितलेल्या पद्धतीने पाजा, तेही गिळत असेल तरच. लग्नसराईतला उरलेला भात, पोळ्या किंवा ज्वारीचं धान्य खाल्लं असेल तर मामला वेगळा. तिथे पोटात आम्ल वाढतं. मोठ्या शेळीला १५-२० ग्रॅम खाण्याचा सोडा पाण्यातून द्या, धान्य आणि पेंड बंद करा आणि डॉक्टरांना कळवा, कारण दुसऱ्या दिवशी ती शेळी आडवी होऊ शकते. पावसाचा ताण पडून खुरटलेली कोवळी ज्वारी खाऊन तडफडणाऱ्या जनावराला मात्र घरगुती उपाय नाही. क्षणही न घालवता फोन करायचा.

दिवाळीच्या टप्प्यात विणं आणि पिल्लं. शेळी दीडशे दिवसांनी विते, म्हणून बोकड लागल्याची तारीख असली की विण्याचा आठवडा सांगता येतो आणि पशुसखी त्या आठवड्यात आपणहून जाऊ शकते. नाळ दोन-तीन बोटांवर निर्जंतुक धाग्याने बांधून त्याखाली कापा, आणि टिंक्चर आयोडीनच्या छोट्या बाटलीत बुडवा. नुसता बोळा फिरवून भागत नाही. चीक पहिल्या तासाच्या आत पाजा. दोन किलोच्या पिल्लाला पहिल्या दिवसात सुमारे २०० मिलिलिटर चीक पोटात गेला पाहिजे, चार वेळा पन्नास-पन्नास. ‘वार पडल्याशिवाय चीक पाजायचा नाही’ हा समज अजून बऱ्याच घरांत आहे, आणि तो पिल्लं मारतो. चिकातली रोगप्रतिकारक शक्ती आतड्यातून रक्तात जायचा रस्ता पहिल्या दिवसातच बंद होत जातो. शिवाय पिल्लू कास ओढतं तेव्हा वार सुटायलाही मदत होते. उस्मानाबादी शेळीला जुळी नेहमीची, तिळीही होतात. त्यात दुबळं पिल्लू मागे पडतं, त्याला हाताने पाजायला शिकवा. शेळी अर्धा-पाऊण तास जोरात कळा देऊन पिल्लू पुढे सरकत नसेल, किंवा १२ तासांत वार पडली नाही, तर डॉक्टर. वार ओढायची नाही, तिला दगड बांधायचा नाही.

इथेच हातमोज्यांची सवय लावा. गाभ पडलेली शेळी, तिची वार, तो गर्भ यांतून ब्रुसेलोसिस माणसाला होतो आणि महिनोन्‌महिने ताप-सांधेदुखी देतो. गरोदर बाईने त्या कामाला हात लावू नये. वार आणि मेलेला गर्भ खोल पुरून वर चुना टाकावा, कुत्र्यांपुढे फेकू नये. गावात पाठोपाठ दोन शेळ्यांचा गाभ पडला तर तो योगायोग समजू नका, दवाखान्यात कळवा.

लसीकरणात पशुसखीचं काम सुईपेक्षा वहीचं जास्त आहे. पीपीआर म्हणजे शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग. त्याची लस तीन महिन्यांवरच्या पिल्लाला १ मिलिलिटर कातडीखाली देतात आणि ती साधारण तीन वर्षं पुरते. सगळ्या गावाला एकदा टोचली की लोक निश्चिंत होतात, पण दर वर्षी जन्मलेली पिल्लं उघडीच राहतात, आणि साथ त्यांच्यातूनच शिरते. लस झाल्यानंतर कोणत्या घरात किती पिल्लं जन्मली आणि बाजारातून किती शेळ्या आल्या, ही यादी फक्त पशुसखीकडे असू शकते. ती दर दोन महिन्यांनी दवाखान्यात नेऊन द्यायची. आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी, पहिल्यांदा देताना दोन-तीन आठवड्यांनी दुसरा डोस, मग दर वर्षी. गाभण शेळीला विण्याआधी महिना-दीड महिना दिली तर चिकातून पिल्लांनाही संरक्षण मिळतं. लाळ्या खुरकुताची मोहीम वर्षातून दोनदा असते. घटसर्प मे-जूनमध्ये. लसीच्या आठ-पंधरा दिवस आधी जंतनाशक झालेलं असावं, कारण जंतांनी पोखरलेल्या अंगात लस नीट काम करत नाही. मोहिमेच्या दिवशी बर्फाचा डबा, गावाला आदल्या रात्री निरोप, शेळ्या बांधून ठेवणं आणि कानातला बारा आकडी बिल्ला वाचून नोंद ही तिची कामं. पीपीआरची लस जिवंत विषाणूची असते. एकदा पातळ केली की बर्फावर ठेवून दोन तासांत संपवावी लागते, उरलेली संध्याकाळी वापरणं म्हणजे पाणी टोचणं. आंत्रविषार आणि लाळ्या खुरकुताच्या लसी उलट गोठल्या की खराब होतात, त्या बर्फाला थेट चिकटू द्यायच्या नाहीत.

कोंबड्यांवर मात्र ती जवळजवळ एकटीने काम करू शकते, आणि तुमच्या दुसऱ्या पशुसखीला लोकांचा विश्वास मिळवून द्यायला मला हीच जागा सगळ्यात बरी वाटते. मानमोडी आली की आठवड्यात दारातल्या कोंबड्या साफ होतात. पाच ते सात दिवसांच्या पिल्लाच्या डोळ्यात लासोटा लसीचा एक थेंब, चौथ्या आठवड्यात पुन्हा एक. पुढची सहा ते आठ आठवड्यांची लस टोचायची असते, ती दवाखान्यामार्फत. कुपी बहुधा शंभर डोसांची असते आणि फोडल्यावर दोन तासांत संपवायची, म्हणून एकाच सकाळी दहा-पंधरा घरांची पिल्लं एकत्र करावी लागतात. हे जमवणं हेच खरं कौशल्य. दोन महिन्यांनी तिच्या ओळीतल्या घरांत कोंबड्या उरलेल्या दिसल्या की ‘तुला काय कळतंय’ हे वाक्य बंद पडतं. खुरं कापण्याचंही तसंच. धारदार चाकूने किंवा छाटणीच्या कात्रीने वाढलेली कड पातळ पातळ उतरवायची आणि गुलाबी रंग दिसायला लागला की थांबायचं. लंगडणारी शेळी त्याच आठवड्यात चरायला लागते आणि बाई काय करते ते गल्लीला दिसतं.

पेटीत डिजिटल थर्मामीटर दोन, फीत, ताणकाटा आणि झोळी, फामाचा तक्ता, १०, २० आणि ५० मिलिलिटरच्या बिनसुईच्या पिचकाऱ्या, टिंक्चर आयोडीन, पोटॅशियम परमँगनेट (एक लिटर पाण्यात एक ग्रॅम, जखम आणि खुरं धुवायला), जखमेतल्या अळ्यांसाठी टर्पेंटाइन, कापूस आणि पट्टी, हातमोजे, खुरांची कात्री, खाण्याचा सोडा, आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेलं एकच जंतनाशक. प्रतिजैविक नको, सलाईन नको, सुई नको. खच्चीकरणाचा चिमटाही नको. ते डॉक्टरांकडून, भूल देऊन करून घ्यायचं.

पेटीच्या झाकणावर आतून एक कागद चिकटवा: ताप १०४ च्या वर, लेंडीत किंवा लघवीत रक्त, उठत नसलेलं जनावर, अडलेली शेळी, कुत्रा चावलेलं जनावर, तोंडातून लाळ आणि खुरांत फोड, एकाच आठवड्यात दोन घरांत तीच लक्षणं. यातलं काहीही दिसलं की हात मागे आणि फोन पुढे. जनावर अचानक मरून नाका-गुदद्वारातून काळसर न गोठणारं रक्त येत असेल तर ती काळपुळी असू शकते. त्याला हलवायचं नाही, सोलायचं नाही, फाडायचं नाही, शवविच्छेदनही नको, आणि डॉक्टर येईपर्यंत माणसं-कुत्री लांब ठेवायची. फिरत्या पथकाचा १९६२ हा क्रमांक आणि तुमच्या दवाखान्याचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहा. प्रशिक्षण सुरू होण्याआधीच संघाने पशुधन विकास अधिकाऱ्यांना भेटून एक गोष्ट ठरवून घ्यावी: या चौघींचा फोन ते उचलतील, आणि महिन्यातून एक सकाळ त्यांच्या वह्या बघतील. फोनच्या पलीकडे कोणी नसेल तर घाबरलेली बाई शेवटी मेडिकलच्या दुकानातच जाते. तुमच्या तिसरीला विचारा, पहिली सुई टोचण्याआधी तिने कोणाला फोन केला होता आणि तो उचलला गेला होता का.

पैशांबद्दल चौघींना सुरुवातीलाच खरं सांगा: हा पगार नाही, जोडउत्पन्न आहे. तुमच्याच आकड्यांवर हिशेब मांडू. एकीच्या वाट्याला सुमारे १७५ शेळ्या. डोळे तपासून, लागेल तिथे पाजून, शेळीमागे १० रुपये आणि औषधाचा खर्च वेगळा. वर्षातून दोन फेऱ्या म्हणजे ३,५०० रुपये. विक्रीआधी वजन करून देण्याचे २० रुपये, वर्षाला साठ जनावरं धरली तर १,२००. खनिज मिश्रण शेळीला रोज १५ ग्रॅम लागतं, दोन शेळ्यांच्या घरी महिन्याला एक किलो जातं. चाळीस घरांनी घेतलं आणि किलोमागे १० रुपये सुटले तर वर्षाला ४,८००. पिल्लांच्या डोळ्यातला थेंब दोन रुपयांना. पन्नास घरं, वर्षात तीस पिल्लं, म्हणजे ३,०००. बेरीज १२,५००, महिन्याला हजाराच्या आसपास. पहिल्या वर्षी याच्या निम्मेच येतील असं धरून चाला. ग्रामसंघाने पेटी आणि पहिला औषधसाठा बिनव्याजी उसनवारीवर द्यावा आणि वर्षभरात परत घ्यावा. ‘उमेद’सारख्या अभियानातून मानधन मिळत असेल तर जरूर घ्या, पण घरोघरी घ्यायचे दहा रुपये पहिल्या दिवसापासून घ्या. फुकट सुरू झालेल्या कामाला मानधन थांबल्यावर पैसे मागता येत नाहीत, आणि मग पशुसखी घरी बसते. दर ग्रामसंघाच्या बैठकीत ठरवून फळ्यावर लिहा, म्हणजे घासाघीस तिच्याशी होणार नाही. केंद्राची ‘ए-हेल्प’ योजना पशुसखींना पुढचं प्रशिक्षण देऊन पशुसंवर्धन खात्याशी जोडते. वर्षभर वही नीट ठेवलेल्या बाईचं नाव त्यासाठी सुचवा.

वही साधीच हवी. एका घराला एक पान: शेळ्या किती, प्रत्येकीचा बोकड लागल्याचा दिवस, विण्याचा दिवस, डोळ्याचा नंबर, दिलेलं औषध आणि मात्रा, लस, मेलेलं जनावर आणि विकलेलं जनावर. चौघींना पहिलं काम तेच द्या. प्रशिक्षणाच्या आधीचे पंधरा दिवस आपापल्या नव्वद घरांत जाऊन ही पानं उघडायची. दोन गोष्टी कळतील: गावात खरंच सातशे शेळ्या आहेत का, आणि चौघींपैकी कोण शेवटच्या घरापर्यंत गेली. जी गेली नाही तिच्या जागी दुसरी शोधायला तुमच्या हातात तेव्हा अजून वेळ असेल. एप्रिलचा टप्पा गाठायचा तर हे मार्चमध्ये व्हायला हवं, कारण जूनच्या पहिल्या पावसाआधी आंत्रविषाराचे दोन्ही डोस आणि त्याआधीचं जंतनाशक बसवायचं आहे.